पेशा हवा, पण बेडी नको

पाचसहा मित्र टेबलाभोवती बसले आहेत. समोर कागद, पेन्सिली आणि फासे. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो : "तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दाराशी उभे आहात. दाराला कुलूप आहे. आता काय कराल?" बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन उत्तर देतात. काम अवघड असेल तर यश मिळाले की नाही, ते फासा ठरवतो. अशा भूमिका-खेळांपैकी पहिला छापील खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला.

या खेळात प्रत्येक पात्राला एक पेशा असतो. मूळ खेळात लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक असे तीनच पेशे होते. १९७५ च्या पुरवणीत चोर आला. कुलूप उघडणे, आवाज न करता चालणे अशा कामांत त्याला किती टक्के यश मिळेल, याचा तक्ताच त्या पुरवणीत होता. पण मग प्रश्न उभा राहिला : हा तक्ता चोराचा, तर इतरांनी दबकत चालायचेच नाही काय? एका पेशाला हक्क मिळाला आणि इतरांना नकळत मनाई झाली. उलट १९७८ मध्ये आलेल्या 'रूनक्वेस्ट' या खेळाने पेशांची चौकटच काढून टाकली. तिथे कोणतेही पात्र कोणतेही कौशल्य शिकू शकते.

मग विशेष पेशे असावेत की नसावेत? थोडे गणित करून पाहू.

समजा, चार जणांचे दोन गट आहेत आणि कामे चार प्रकारची आहेत. पहिल्या गटात प्रत्येक जण एका कामात तज्ज्ञ आहे. त्या कामात त्याला यशाची शक्यता ९० टक्के, तर इतर कामांत २० टक्के. दुसऱ्या गटात सगळेच अष्टपैलू. प्रत्येकाला प्रत्येक कामात ५० टक्के.

प्रयत्न एकदाच करता येत असेल, तर तज्ज्ञांच्या गटाला ९० टक्के आणि अष्टपैलूंना ५० टक्के शक्यता. येथे तज्ज्ञ निर्विवाद श्रेष्ठ. पण चौघांनाही एकेकदा प्रयत्न करता आला तर? सगळे चुकण्याची शक्यता गुणाकाराने काढा. पहिल्या गटाला सुमारे ९५ टक्के, दुसऱ्याला सुमारे ९४ टक्के यश मिळते. फरक जवळजवळ उरतच नाही! आणि नेमका त्या कामाचा तज्ज्ञच जायबंदी झाला तर? उरलेल्या तिघांनी मिळून प्रयत्न केला तरी पहिल्या गटाला सुमारे ४९ टक्के, तर दुसऱ्याला ८७.५ टक्के. त्यातही इतरांचे २० टक्के काढून शून्य केले, तर पहिल्या गटाचे सारे संपलेच.

निसर्गातही हेच दोन मार्ग दिसतात. वाळवीच्या अनेक जातींत सैनिकाचे जबडे लढाईसाठी इतके वाढलेले असतात की त्याला स्वतःचे अन्नही खाता येत नाही. कामकरी वाळवी त्याला भरवते. मधमाशीचे तसे नाही. कामकरी माशी आधी पोळ्यातली घरे साफ करते, मग अळ्यांना भरवते आणि शेवटी मध-पराग गोळा करायला बाहेर पडते. बाहेर जाणाऱ्या माश्या कमी झाल्या, तर तरुण माश्या वेळेआधीच त्या कामाला लागतात. विशेषज्ञता दोघींकडेही आहे. परंतु एकीच्या बाबतीत ती बेडी आहे, दुसरीच्या बाबतीत नाही.

माझे मत असे की खेळात विशेष पेशे जरूर असावेत. नव्या खेळाडूला पेशा मिळाला की आपण काय करायचे ते कळते. गटात नेहमी मागे राहणाऱ्या मुलालाही 'आता तुझे काम' असे म्हणणारा क्षण येतो. हा लाभ मोठा आहे. पण पेशे मधमाशीसारखे असावेत. पेशाने अधिक काही द्यावे, इतरांना मनाई करू नये. तज्ज्ञाची शक्यता ९० टक्के असो, पण इतरांची शून्य नसो. शिवाय पुढे पेशा बदलण्याची वाट मोकळी असावी. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने, पात्राची पातळी वाढताना नवा पेशा घेण्याची मुभा दिली, ती मला म्हणूनच योग्य वाटते.

शिक्षकांनीही याचा विचार करावा. प्रयोगशाळेत गट पाडले की एक जण नेहमी मोजमाप करतो, एक नेहमी आकृती काढतो आणि एक नेहमी परीक्षानळ्या धुतो. काम लवकर आटोपते हे खरे. पण वर्षअखेरीस परीक्षानळ्या धुणाऱ्याला मोजमाप येते काय?

विद्यार्थी मित्रांनो, वरचे गणित करून पाहणे सोपे आहे. १ ते १० आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या करा. एक उचला, आकडा पाहा, परत टाका. तज्ज्ञाला १ ते ९ आल्यास यश, इतरांना १ किंवा २ आल्यास, अष्टपैलूला १ ते ५ आल्यास. शंभर वेळा करा आणि नोंद ठेवा. मग तुमच्या गटात कोणी काय करायचे, ते तुम्हीच ठरवा.