उरलेल्या फायली आणि पाठचिकित्सा

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत केली की जुन्या आवृत्तीचे काही अवशेष मागे राहतात. हा सारा केरच, तो एका आज्ञेसरशी झाडून टाकावा, असा समज रूढ आहे. आम्हांला तो मान्य नाही. ही सफाई म्हणजे एका अर्थाने पाठचिकित्साच होय, आणि तिचा आरंभ वाचनाने व्हायला हवा.

डेबियन या लिनक्स प्रणालीचे उदाहरण घेऊ. तिची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली. बाराव्या आवृत्तीवरून तिच्यावर जाताना जे उरते ते एकजिनसी नसते. अन्य प्रोग्रॅमांच्या गरजेपोटी आलेली, आता कोणालाच नको असलेली पॅकेजे ही त्यातील एक जात. 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा ती काढते. काय जाणार याची यादी ती आधी दाखवते. ती नजरेखालून घातली की पुरे.

दुसरी जात सेटिंगच्या फायलींची. त्या वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने बदललेल्या असू शकतात. नव्या आवृत्तीतही तीच फाइल बदलली असेल, तर डेबियन परस्पर निर्णय न घेता विचारते. आपण आपली फाइल राखली, तर नवी 'डीपीकेजी-डिस्ट' हे शेपूट लावून शेजारी ठेवली जाते. नवी स्वीकारली, तर आपली 'डीपीकेजी-ओल्ड' म्हणून उरते. हा केर नव्हे. हा नाकारलेला पाठ आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (१९१९–१९६६) संपादकांनी नाकारलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत दिले. म्हणूनच त्यांचे निर्णय आजही तपासता येतात.

सारे काही जपूनच ठेवावे, असा मात्र आमचा आग्रह नाही. साठलेल्या प्रती पुढच्या वेळी गोंधळ घालतात. अशा फायली शोधून पाहाव्यात, असे डेबियनच्या प्रकाशन-टिपाही सांगतात. प्रश्न क्रमाचा आहे. 'डिफ' ही आज्ञा दोन फायलींतील भेद ओळीओळीने दाखवते. आपली ओळ कोणती, ती का लिहिली होती, हे पाहावे. हवी असल्यास नव्या फायलीत उतरवावी. मग जुनी पुसावी.

तिसरी जात वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमधील लपलेल्या फायलींची. 'पर्ज' ही आज्ञा काढलेल्या पॅकेजांच्या सेटिंगही पुसते, पण सहसा येथे हात लावत नाही. हौशी सफाई करणारे मात्र नेमका येथेच झाडू फिरवतात. लिबरऑफिसच्या शब्दकोशात आपण वर्षानुवर्षे भरलेले मराठी शब्द याच लपलेल्या जागी असतात: बोलींतील रूपे, संतसाहित्यातील शब्द, विशेषनामे. मराठी विभागाच्या सामाईक संगणकावर ते एका क्षणात जाऊ शकतात, आणि कोणत्याही भांडारातून परत येत नाहीत.

पॅकेज पुन्हा उतरवता येते. हाताने केलेली नोंद नाही. पुसण्यापूर्वी एवढा भेद ज्याला करता येतो, त्यानेच सफाई करावी.