खरी गोष्ट ‘ता. क.’मध्ये असते

दरवर्षी ४ जुलैला तुम्ही फटाके बघायला जाता ना? मग एक गंमत ऐका. जॉन अ‍ॅडम्स यांना वाटलं होतं, की हा सण २ जुलैला साजरा होईल!

ब्रिटनपासून वेगळं व्हायचा ठराव काँग्रेसने २ जुलै १७७६ रोजी मंजूर केला. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडम्स यांनी फिलाडेल्फियाहून आपल्या बायकोला, अ‍ॅबिगेल यांना, पत्र लिहिलं. पुढच्या पिढ्या २ जुलै हा दिवस घंटा वाजवून, तोफा उडवून, रोषणाई करून साजरा करतील, असं त्यात होतं. रोषणाईचं खरं ठरलं, तारीख मात्र चुकली. ४ तारखेला जाहीरनामा मंजूर झाला आणि लोकांच्या मनात तीच तारीख बसली.

हे आपल्याला कळलं कुठून? घरच्या पत्रातून. शाळेत तुम्ही जाहीरनामा वाचता, राज्यघटना वाचता. ते कागद महत्त्वाचे आहेतच. पण माझं मत सांगू? नुसते सरकारी कागद वाचले, तर अर्धीच गोष्ट कळते. उरलेली अर्धी घरच्या पत्रांत असते.

जॉर्ज वॉशिंग्टन यांचंच बघा. जून १७७५ मध्ये काँग्रेसने त्यांना सेनापती नेमलं. १६ जूनला ते काँग्रेससमोर बोलले. मी या कामाला पुरा पडेन असं मला वाटत नाही, मी पगार घेणार नाही, फक्त खर्चाचा हिशेब ठेवीन, असं त्यांनी सांगितलं. भाषण मोजकं आणि सरकारी.

दोनच दिवसांनी त्यांनी बायकोला, मार्था यांना, पत्र लिहिलं. ही नेमणूक मी मागून घेतलेली नाही, तू घरी एकटी राहशील याचं मला फार वाईट वाटतं, असं ते लिहितात. सोबत मृत्युपत्राचा कागदही पाठवतात. आणि सही झाल्यावर खाली दोन ओळी जास्त लिहितात: तुझ्यासाठी मलमलीचं कापड घेतलंय, सगळ्यात सुंदर आहे असं दुकानात सांगितलं, तुला आवडलं म्हणजे झालं. वर भावसुद्धा लिहिलाय, वीस शिलिंगला एक यार्ड!

मराठी पत्रात सहीच्या खाली अशी राहिलेली गोष्ट लिहिताना आधी ‘ता. क.’ लिहितात. ता. क. म्हणजे ताजा कलम. लढाईला निघालेला माणूस बायकोसाठी कापड घेतो आणि ते तिला आवडेल ना, याची काळजी करतो. हे काँग्रेसच्या कागदांत सापडणार नाही. ते ताजा कलममध्येच सापडतं.

घरच्या पत्रांत नुसती माया असते असंही नाही, बरं का. भांडणही असतं. ३१ मार्च १७७६ रोजी अ‍ॅबिगेल यांनी जॉन यांना लिहिलं, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हातात सगळी सत्ता देऊ नका. जॉन यांनी काय केलं? पुढच्या पत्रात ते चक्क हसले! जाहीरनाम्यात हक्कांची मोठी वाक्यं आहेत, पण स्त्रियांच्या हक्कांबद्दल एक शब्द नाही. मतदानाचा हक्क स्त्रियांना आहे हे राज्यघटनेत लिहिलं गेलं ते १९२० साली. तो जाहीरनामाच फक्त वाचला, तर वाटेल की तेव्हा कुणी हे मागितलंच नव्हतं. अ‍ॅबिगेल यांचं पत्र सांगतं, की मागितलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, “पण दुसऱ्याची खासगी पत्रं वाचणं बरोबर आहे का?” प्रश्न अगदी योग्य आहे. मार्था यांनी आपली आणि जॉर्ज यांची जवळजवळ सगळी पत्रं जाळून टाकली. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच उरली. मला त्याची हळहळ वाटते. पण ती पत्रं त्यांची होती, तो निर्णयही त्यांचा होता. जॉन आणि अ‍ॅबिगेल यांची मात्र ११०० हून जास्त पत्रं टिकली. जी टिकली ती वाचावीत, पण चेष्टा करायला नाही, समजून घ्यायला.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. वॉशिंग्टन आणि जेफरसन यांच्या शेतांवर शेकडो गुलाम राबत होते. त्यांच्यातल्या बहुतेकांना लिहायला शिकूच दिलं नाही. म्हणून त्यांची पत्रं जवळजवळ नाहीतच. ज्याला लिहिता येतं, त्याची गोष्ट मागे राहते.

आपल्या मराठी माणसांतही असं उदाहरण आहे, आणि तेही त्याच फिलाडेल्फियातलं. आनंदीबाई जोशी १८८३ साली, अठराव्या वर्षी, डॉक्टर व्हायला अमेरिकेत आल्या. कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी अर्जाचं पत्र लिहिलं. आप्तांचा आणि जातीचा विरोध असतानाही मी इथवर आले, ती जिद्द मला पुढेही उपयोगी पडेल, असं त्यात त्यांनी ठामपणे म्हटलं. हे झालं कॉलेजला लिहिलेलं पत्र. पण नवऱ्याला, गोपाळरावांना, लिहिलेल्या पत्रात त्या वेगळंच बोलतात. लहानपणी शिकवताना तुम्ही माझ्याशी किती कठोर वागलात, हे त्या स्पष्ट लिहितात. त्यांनी शिकवलं म्हणून त्यांचे उपकारही मानतात. दोन्ही पत्रं वाचली, तरच खऱ्या आनंदीबाई भेटतात.

आणि आता तुमच्या घराबद्दल. पासपोर्ट, व्हिसा, डिग्री हे सगळे कागद आई-बाबांनी फाइलमध्ये नीट ठेवलेले असतात. त्यांवरून कळतं, की ते अमेरिकेत कधी आले. पण पहिल्या हिवाळ्यात त्यांना कसं वाटलं, हे कुठल्या फाइलमध्ये आहे? कदाचित आजीने पाठवलेल्या निळ्या पत्रात असेल. कपाटात, जुन्या बॅगेत, एखाद्या बिस्किटाच्या डब्यात ते पत्र असेल. वर ‘श्री’, खाली ‘चि.’ आणि ‘अनेक आशीर्वाद’, आणि कडेच्या रिकाम्या जागेत वाकडं लिहिलेलं ‘ता. क.’ ते मराठीत आहे. तुम्हाला मराठी वाचता आलं नाही, तर घरात ते वाचणारं पुढे कोण राहील?

म्हणून मला वाटतं, मराठी शिकण्याचं सगळ्यात मोठं कारण परीक्षा नाही. ते पत्र हे कारण आहे. या आठवड्यात घरी विचारा, “जुनी पत्रं आहेत का? मी वाचली तर चालेल?” नाही म्हणाले, तर हट्ट करू नका. हो म्हणाले, तर शेजारी बसून मोठ्याने वाचा. अक्षर लागलं नाही तर विचारा. आणि पत्रं नसतीलच, तर तुम्हीच आजी-आजोबांना एक लिहा. चार ओळी पुरेत.

ता. क. पत्रात चुका झाल्या तरी चालतील. वॉशिंग्टनही स्पेलिंग चुकायचे!