दगडांचा जमाखर्च

दगडाला आपल्या भाषेत फारसा मान नाही. बुद्धी मंद असली की दगड, काळजाला पाझर फुटला नाही की दगड, चिरंजीव गणितात नापास झाले की तेही दगडच! शेंदूर फासलेला असला तरच काय ते आपण हात जोडतो. पण आमच्या घरी सध्या दगडाचे दिवस पालटले आहेत. माझी भाची भूशास्त्र घेऊन एम्. एस्सी. करते आहे आणि सुटीत ती आमच्याकडे आली, की चहाबरोबर दगडांची गोष्ट हटकून निघते.

“मामा, खंडाळ्याचा दगड आणि महाबळेश्वरचा दगड ह्यांत फरक काय?” तिने परवा विचारले.

“महाबळेश्वरला जायला भाडे जास्त पडते,” मी म्हणालो.

ह्यावर तिने मला जे ऐकवले, ते थोडक्यात असे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस उसळला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. त्यातला जो भाग आज उरला आहे, तोच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. डोंगरांना पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात म्हणून पायरी ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ह्या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणू लागले. पण इकडच्या डोंगरावरचा थर आणि दरीपलीकडचा थर एकच, की निराळे? डोळ्यांना सगळेच काळे. तेव्हा दगडाची रासायनिक पारख करावी लागते. निम्मा भाग सिलिका, तो सर्वांत सारखाच. भेद कळतो तो टिटॅनियमसारख्या थोड्या आणि बेरियम, स्ट्रॉन्शियमसारख्या चिमूटभर द्रव्यांवरून. दहा लाख भागांत शंभर-दोनशे भाग, एवढीच ती चिमूट.

“म्हणजे चकलीच्या भाजणीसारखंच की!” आमची सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली. “तांदूळ-डाळी सगळ्यांच्याच असतात. कुणाच्या घरची ते धने-जिऱ्यांवरून कळतं.”

भाचीने मामीला पूर्ण गुण दिले. १९८०च्या दशकात ह्याच धने-जिऱ्यांवरून सह्याद्रीच्या थरांची वर्गवारी झाली आणि त्यांना आपल्याच गावांची नावे मिळाली. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर! एस. टी. च्या फलकावर शोभावी अशी ही यादी जगभरच्या शास्त्रज्ञांना तोंडपाठ आहे. पोलादपूरच्या थरात वर येताना विरघळलेल्या जुन्या खडकाची भेसळ आहे. आंबेनळीचा रस त्या मानाने शुद्ध.

खरी गंमत पुढेच आहे. आंध्रात गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळ असाच काळा दगड सापडतो. महाबळेश्वरपासून ते ठिकाण आठशे किलोमीटरांहून दूर. त्याचे आकडे पाहावेत, तर ते आंबेनळी आणि महाबळेश्वर थरांशी जुळतात! तो रस जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत थेट पूर्व समुद्राकडे गेला असावा, असे बऱ्याच संशोधकांचे मत आहे.

पण वाचकहो, जुळवायचे तर दुसऱ्याचे आकडे हाताशी हवेत. पूर्वी ते कुठे एखाद्या नियतकालिकाच्या कोष्टकात, कुठे प्रबंधाच्या शेवटच्या पानांत आणि बरेचसे टेबलाच्या खणात पडून असत. आता त्यांची खुली कोठारे झाली आहेत. जर्मनीत माइन्झच्या मॅक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेने ‘जिओरॉक’ हे कोठार उभारले. त्याचा कारभार आता ग्यॉटिंगेन विद्यापीठाकडे आहे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमॉन्ट वेधशाळेत समुद्रतळाच्या खडकांसाठी ‘पेटडीबी’ सुरू झाले. पैसा नाही, वशिला नाही. संगणक उघडावा आणि आकडे घ्यावेत. भाचीच्या कॉलेजात मोठी यंत्रे नाहीत. पण आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून ती आंबेनळीची राजमहेंद्रीशी गाठ घालून पाहते.

आकडे नुसते गोळा करून मात्र भागत नाही. लोखंडाचेच पाहा. एकच लोखंड कोणी एका ऑक्साइडच्या रूपात १० टक्के लिहितो, तर कोणी दुसऱ्या ऑक्साइडच्या रूपात ११.१ टक्के. रूप न पाहता दोन्ही एका रकान्यात घातले, की नसलेला फरक दिसू लागतो. शून्य आणि रिकामी जागा ह्यांचेही तसेच. आमच्या दुधाच्या कॅलेंडरावर एखादी तारीख कोरी असते. त्या दिवशी दूध आलेच नाही, की लिहायचे राहिले, ह्यावरून महिनाअखेर वाद ठरलेला. दगडातही ‘बेरियम सापडले नाही’ आणि ‘बेरियम मोजलेच नाही’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय प्रत्येकाचा तराजू निराळा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या पुढाकाराने ऱ्होड आयलंडचा ग्रॅनाइट आणि व्हर्जिनियाचा डायाबेस ह्यांची पूड करून तीच पूड अनेक प्रयोगशाळांना वाटण्यात आली. १९५१ साली निष्कर्ष छापले गेले, तेव्हा नामांकित प्रयोगशाळांचेही आपसांत जमेना! कोणी लबाडी केली नव्हती. शेजाऱ्याचे उत्तर कोणी पाहिलेच नव्हते, एवढेच. तेव्हापासून अशा ओळखीच्या पुडी शेराच्या मापासारख्या वापरात आल्या. म्हणून आकड्याबरोबर दगड कुठला, कोणत्या पद्धतीने मोजला आणि ओळखीच्या पुडीचे उत्तर काय आले, हेही लिहावे लागते.

न लिहिल्यास काय होते, तेही भाचीने सांगितले. तिच्या ओळखीच्या एका वृद्ध प्राध्यापकांनी उभा जन्म घाट पायी तुडवून नमुने जमवले होते. ते गेले. पिशव्यांवर नुसते क्रमांक. क्रमांकांची वही कुणाला सापडली नाही. जागा हवी म्हणून कॉलेजने त्या पिशव्या रिकाम्या केल्या आणि ते दगड कुंपणाच्या भरावात गेले. त्यांतले काही ज्या कड्यांवरचे होते, ते कडेही रस्ता रुंद करताना तुटले. म्हणजे पुन्हा जाऊन आणावेत, तर तीही सोय नाही.

हे सांगताना एरवी टपोरे बोलणारी ही मुलगी जरा वेळ गप्प बसली. आता तिने गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रे धाडली आहेत: कुणाकडे नकलून घेतलेली पाने असतील तर पाठवा. दोघांकडून चाळीस नमुन्यांची नोंद आली आहे. ती तपासून, स्थळे नकाशावर लावून, गुरुजींच्याच नावाने ती खुली करायची तिची धडपड चालू आहे. चाळीस म्हणजे फार नव्हे. पण चाळीस ठिकाणी पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

दिवाळीची साफसफाई आपण सगळेच करतो. माळ्यावर बिनचिठ्ठीची एखादी पिशवी, बिननावाची एखादी वही निघाली, तर टाकण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि ते सांगतील ते तिच्यावर लिहून ठेवा. आणि हो, शेजारणीने भाजणीचे प्रमाण विचारले, तर धने-जिऱ्यांसकट सांगा!