राखणीला बंदूक घेण्याआधी



मागच्या हरभऱ्याच्या हंगामात वसमत तालुक्यातल्या एका शिवारात पाहणीला गेलो होतो. बांधावर एक तरुण शेतकरी छर्र्याची नवी कोरी बंदूक मांडीवर घेऊन बसलेला. म्हणाला, "साहेब, ही स्प्रिंगवाली नाही, हवा भरायची आहे. आता रानडुकराची खैर नाही." हवा कुठून भरता, असं विचारलं तर म्हणे, "वेल्डिंगवाल्याच्या टाकीतून. पन्नास रुपये घेतो." वेल्डिंगवाल्याची टाकी म्हणजे ऑक्सिजन! माझ्या पोटात गोळाच आला. कोणती बंदूक बरी, असं अलीकडे बरेच जण विचारतात. म्हणून आज खताचा विषय बाजूला ठेवतो.

आधी फरक समजून घ्या. स्प्रिंगच्या बंदुकीत नळी मोडून ओढली की आतली स्प्रिंग दबते. घोडा दाबला की दट्ट्या सुटतो, पुढची हवा आवळतो आणि त्या हवेने छर्रा निघतो. दर बाराला नवी मेहनत. दट्ट्या आत आपटत असल्याने बंदूक आधी मागे, मग पुढे असा दुहेरी झटका देते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच नेम हलतो. म्हणून ती घट्ट आवळून धरायची नसते, हातावर नुसती ठेवायची असते. छर्रा न घालता बार काढू नका आणि ताणलेली तशीच खुंटीला टांगू नका, स्प्रिंग बसते. बाकी तिला खायला-प्यायला काही लागत नाही.

हवा भरायच्या बंदुकीला पीसीपी म्हणतात. हवा आधीच भरून मग मारत सुटायच्या फवारणी पंपासारखं तिचं काम आहे. एकदा टाकी भरली की कित्येक बार निघतात. झटका जवळजवळ नाहीच, त्यामुळे नेम अचूक. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं, त्या खेळातल्या बंदुका याच जातीच्या. पण टाकीतला दाब २०० ते ३०० बार असतो. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असतात, यावरून अंदाज घ्या. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं हे काम नाही. त्यासाठी खास हातपंप लागतो, तोही मारता मारता घाम काढतो, नाहीतर खास कॉम्प्रेसर. हवा कोरडी लागते. पाणी गेलं की आतून गंज. रबरी कड्या झिजल्या की हवा गळते, आणि वसमतला ती दुरुस्त करणारा मला तरी भेटलेला नाही.

आणि ऑक्सिजन कधीही भरू नका. एवढ्या दाबाखाली ऑक्सिजनला तेल-ग्रीसचा थेंब लागला तरी पेट घेतो. टाकी गालाखाली असते आणि गाल तुमचा असतो.

आता कायदा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर परवाना लागत नाही. त्यावर गेलं की लागतो. पीसीपीत आतला स्क्रू पिळून ताकद वाढवता येते. "थोडी जास्त करून देतो" म्हणणारे भेटतात, पण खटला बंदूकवाल्यावरही होतो.

विनापरवाना बंदूक म्हणजे शिकारीची मुभा, असं मात्र समजू नका. रानडुक्कर, रोही, काळवीट, मोर सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मारायची परवानगी द्यायची ती वनखात्याने. शिवाय २० ज्यूलने रानडुक्कर मरतच नाही. बारा बोरची ताकद दोन हजार ज्यूलच्या घरात असते. छर्रा कातडीत रुततो आणि चिडलेलं जनावर उसात दडून बसतं. दुसऱ्या दिवशी तिथे पाणी द्यायला शेजारी जातो. त्याचा काय गुन्हा?

पाखरांचं म्हणाल तर मला हसू येतं. राखणीत काम करतो तो आवाज. पीसीपीचा आवाज त्याला पुरत नाही. एक राघू पडतो, बाकीचे कणसावर तसेच! आपल्या आजीची गोफण परवडली, गुंड्याच्या सणसणाटाने अख्खा थवा उठायचा. (पाईपची कार्बाइड बंदूक आवाज करते खरी, पण २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिने किती पोरांचे डोळे घेतले ते वाचलं असेलच.)

माझं मत विचाराल तर नेमबाजी शिकायची असेल तर खुशाल स्प्रिंगची घ्या, मागे मातीचा ढीग ठेवून मारा, पोरांच्या हाती एकटी देऊ नका. राखणीसाठी दोन्ही नकोत. पीसीपी आणि तिच्या पंपाला जो पैसा लागतो त्यात चार-पाच जणांनी मिळून झटका देणारं सौर कुंपण होतं का, ते आधी बघा. आणि नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वनखात्याकडे अर्ज करा. आठ दिवसांनी गेलात तर खुणा राहत नाहीत, मग पंचनाम्यात काय लिहायचं?

पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी, तुम्हालाही एक विनंती. गावात अशा किती बंदुका आहेत आणि त्या कुठे भरल्या जातात, हे एकदा विचारून घ्या. सुरुवात वेल्डिंगच्या दुकानापासून करा. त्या तरुणाची टाकी मी त्याच्याकडूनच शेतात हळूहळू रिकामी करवून घेतली. बंदूक त्याने मोडीत काढली नाही, माळ्यावर टाकली आहे. वेल्डिंगवाला मात्र म्हणाला, "साहेब, अजून तिघे येतात."