पेला आणि महामार्ग

शिमगा किंवा गणेशोत्सव जवळ आला कीं मुंबईचे चाकरमानी गांवाकडे निघतात आणि कशेडी ओलांडून खेड, चिपळूण, हातखंबा, राजापूर असा आपल्या जिल्ह्यांतून जाणारा महामार्ग वाहनांनीं भरून जातो. त्याच दिवसांत गांवोगांवीं पेलेही भरले जातात. या दोन गोष्टींचा संबंध आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

अपघात घडला म्हणजे 'चालक दारुडा होता' असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. हें समाधान आम्हांस खोटें वाटतें. लेदरमान या फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञानें १९५६ सालीं असें प्रतिपादिलें कीं, समाजांतील मद्यपानाची सरासरी वाढली म्हणजे अतिमद्यपी लोकांची संख्याही वाढते. मग रस्त्यावरील मृत्यु हें एकट्या दारुड्याचेंच पाप कसें? ज्या बैठकींत आग्रहानें पेला पुढें केला जातो, तिचाही त्यांत वांटा आहे.

कोणी म्हणेल, २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं सरकारी नोंदींत नशेमुळें मेलेलीं शेंकडा सुमारें अडीचच आहेत. परंतु शेंकडा ७० हून अधिक मृत्यु जेथें 'अतिवेग' या सदरांत पडतात, तेथें त्या वेगामागें पेला किती वेळां होता, हें त्या सदरावरून कसें कळावें? मद्य प्रथम विवेक हिरावतें. वेग त्यामागून येतो.

कायदा निरुपयोगी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. १०० मिलिलीटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास चालकास शिक्षा सांगितलेली आहे. ब्रिटनमध्यें १९६७ सालीं श्वासपरीक्षा सुरू झाली आणि वर्षभरांतच रस्त्यावरील मृत्यु घटले. उलट आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१६ मध्यें महामार्गापासून ५०० मीटरांच्या आंत मद्यविक्रीस मनाई केली. पुढें जुलै २०१७ मध्यें नगरपालिकांच्या हद्दींतील दुकानें तींतून सुटलीं. दुकान दूर गेलें तरी तहान जवळच राहते.

म्हणून आमची विनंति आपल्या घरांपासूनच सुरू होते. येत्या सणांत पाहुण्यास पेल्याचा आग्रह करूं नये. आणि जो प्याला असेल त्याच्या हातीं गाडीची किल्ली देऊं नये. पाहुणा रुसला तर उद्यां समजूत घालतां येईल. गेलेला परत आणतां येणार नाहीं.