चार तारांची कैफियत

वेरूळचा मुलगा म्हटला की त्याने एक तर लेण्यांत गाईड व्हावे, नाही तर घृष्णेश्वराच्या वाटेवर बेलफुलांचे दुकान टाकावे, अशी लोकांची समजूत असते. मी यांपैकी काहीच केले नाही. मी एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. हळद, लग्न, गणपती, नवरात्र, १४ एप्रिल, जिथली सुपारी मिळेल तिथे. गेल्या चार हंगामांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा, की "पोरा, तुझ्या गिटारीच्या दोन तारा तुटल्या काय रे?"

तारा तुटलेल्या नाहीत. बेसला बहुधा चारच असतात, जाड असतात, आणि साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली लावलेल्या असतात. या प्रश्नाचा मला राग येत नाही. राग येतो तो दुसऱ्या प्रश्नाचा. तो मंडळाचे अध्यक्ष किंवा मुलीचे मामा आमच्या मास्तरांना बाजूला घेऊन विचारतात: "हा कोपऱ्यातला पोरगा नेमके काय करतो? याला वगळला तर किती कमी होतील?" अलीकडे तर वगळण्याची सोयही झाली आहे. पेनड्राइव्हवर तयार ट्रॅक मिळतो, त्यात बेस असतोच. निवेदक, दोन गायक आणि एक लॅपटॉप एवढ्यावर 'भव्य ऑर्केस्ट्रा' उभा राहतो. माझे म्हणणे असे, की हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, आणि तो का ते सांगावे म्हणून ही कैफियत. शिवाय आपल्या महाविद्यालयातली दोन-तीन मुले बेस घ्यायच्या विचारात आहेत. त्यांच्या पैशांचाही थोडा विचार करावा म्हणतो.

खर्ज ही काही साहेबाने आणलेली वस्तू नव्हे. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची. तबल्याशेजारी डग्गा. आपल्या भजनी मंडळात पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात, ती कशासाठी? आवाज खाली जावा, त्याला वजन यावे म्हणून. लग्नाच्या ब्रास बँडमध्ये ते मोठे पितळी युफोनियम घेऊन एक काका मागून चालत असतात. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, पण ते आले नाहीत तर वरातीतला क्लॅरिनेट केविलवाणा वाटू लागतो. वादक बदलले, वाद्ये बदलली, काम तेच. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडरने पडदे असलेली विजेवरची बेस गिटार बाजारात आणली, तीही याच कामासाठी. तोवर हे काम माणसाएवढा उंच डबल बेस करीत असे. तो गाडीत मावत नसे आणि ढोलांच्या गदारोळात ऐकूही येत नसे. पुढे हिंदी चित्रपटसंगीतातही बेस गिटार आली. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवीत. त्या काळची गाणी तुम्ही शेकडो वेळा ऐकली असतील. आता एकदा फक्त खालच्या सुराकडे कान देऊन ऐका. मात्र मोबाइलच्या स्पीकरवर नको. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते आणि तो एवढासा स्पीकर तिथपर्यंत उतरूच शकत नाही. आमच्याकडची निम्मी मुले मोबाइलवर गाणे ऐकून बेस बसवतात आणि मग सूर चुकला की गिटारीला बोल लावतात. साधा, पण कानावर नीट बसणारा हेडफोन घ्यावा.

आता ट्रॅकचा प्रश्न. ट्रॅक चुकत नाही, हे खरे. पण ट्रॅक थांबतही नाही. आपल्याकडचा कार्यक्रम कसा चालतो हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे सांगायला नको. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराकडे लोटणारी गर्दी आठवा, किंवा एप्रिलमधल्या जयंतीचा कोणताही मंच आठवा. गायक अंतऱ्यावर आला, समोरचा जमाव उसळला, कोणी तरी पुढे येऊन शंभराची नोट दिली. निवेदक माइक घेतो. अमुक वस्तीतील अमुक साहेबांकडून शंभर रुपये, त्यांच्या कै. वडिलांच्या स्मरणार्थ आणखी पन्नास. अशी सात-आठ नावे. तोपर्यंत गाणे कुठे राहते? ते राहते ढोलकीवाल्याच्या हातात आणि बेसवाल्याच्या दोन सुरांत. षड्ज आणि पंचम, षड्ज आणि पंचम. मग गायक तिथूनच शब्द उचलतो, आणि एकाच ओळीवर चार वेळा घोळून पाचव्यांदा सुटतो. हे कोणत्या पेनड्राइव्हला जमणार? ट्रॅकवरचा गायक बक्षिसाच्या वेळी एक तर गाणे बंद करतो, नाही तर नावे आणि अंतरा यांची शर्यत लावतो. रंग जातो तो तिथे. माझ्या मते आपल्याकडच्या बेसवाल्याची खरी परीक्षा त्या सात-आठ नावांच्या दरम्यान होते. त्या वेळी बोटांची करामत दाखवू नये. गायकाच्या खांद्याकडे पाहावे; श्वास घेताना खांदा वर जातो, तीच खूण.

दुसरी गोष्ट पट्टीची. आपले गायक इंग्रजी अक्षरांत बोलत नाहीत. ते काळी-पांढरीत बोलतात, आणि ऐन वेळी बदलतात. घसा बसला की काळी एकचा माणूस म्हणतो, "आज पांढरी एकमध्ये घ्या." म्हणून बेस शिकणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात एवढे पाठ करावे: जाड तारेकडून बारीक तारेकडे मोकळ्या तारा म्हणजे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. काळी चारचा षड्ज सर्वांत जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर. काळी एकचा दुसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर. काळी पाचचा त्याच तारेच्या पहिल्या पडद्यावर. काळ्या पट्ट्यांत मोकळी तार षड्जाच्या कामी येत नाही, म्हणून सगळे दाबून वाजवण्याची सवय हवी. तीच सवय असली की गायकाने पट्टी बदलली तरी हात फक्त सरकवायचा. बोटांची रचना तीच राहते. पांढरी दोनमध्ये गाणारा असेल आणि भारदस्त खर्ज हवा असेल तर जाड तार एक स्वर उतरवून लावता येते, किंवा पाच तारांची बेस घेता येते. पण नवशिक्याने पाच तारांच्या मोहात पडू नये. चारांवर हात बसला नाही तर पाचवी तार अंगठा टेकायलाच उरते.

वाद्य घेताना मुले पहिला प्रश्न विचारतात, "कोणत्या कंपनीची घेऊ?" मी म्हणतो, आधी मान बघा. पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर तार एकाच वेळी दाबून धरा; मधोमध तार आणि पडदा यांत पोस्टकार्ड सरकेल एवढीच फट हवी. फार जास्त असेल तर मान वाकलेली आहे. आतली सळई पाना लावून पाव फेऱ्याने फिरवता येते, एका वेळी पाव फेराच, पण ते पहिल्यांदा जाणत्याकडून करून घ्यावे. मग बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवा आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून वाजवा. दोन्ही सूर एक आले पाहिजेत. एवढ्या दोन कसोट्यांवर उतरलेली जुनी गिटार, नव्या चकचकीत गिटारीपेक्षा शंभर वेळा बरी. हात लहान असतील तर ३४ इंची तारेऐवजी ३० इंची आखूड बेस पाहावी. त्यात कमीपणा काही नाही. जिच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी असते तिचा जॅक वाजवून झाल्यावर काढून ठेवावा. जॅक आत राहिला की बॅटरी रात्रभर जळते आणि दुसऱ्या दिवशी हळदीच्या ऐन रंगात आवाज फाटू लागतो. जवळ एक नवी बॅटरी ठेवावीच.

तारांवर लोक पैसे खर्च करीत नाहीत. मरेपर्यंत त्याच तारा. मेलेल्या तारेचा आवाज गादीवर काठी मारल्यासारखा येतो. महाग तारा परवडत नसतील तर वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय लावा. घाम आणि मळ हेच तारांचे शत्रू. अगदीच अडचण असली तर जुन्या तारा पाण्यात उकळून, खडखडीत वाळवून पुन्हा चढवतात. थोडे दिवस बरा आवाज येतो. मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मोठ्या अँप्लिफायरला माझा विरोध आहे. कर्ज काढून भला मोठा डबा घ्यायचा, तो टेंपोत चढवायला चार माणसे, आणि कार्यक्रमात साउंडवाला म्हणतो, "दादा, तुमची लाईन मिक्सरला द्या." मिळवले काय? घरच्या सरावाला लहानसा अँप्लिफायर पुरतो. (साध्या गिटारीच्या अँप्लिफायरमध्ये बेस जोरात वाजवू नका, स्पीकर जातो.) उरलेल्या पैशांत दोन चांगल्या वायरी आणि एक डीआय बॉक्स घ्या. तळहाताएवढी ही डबी गिटारीचा नाजूक आवाज लांब वायरीतून मिक्सरपर्यंत नीट पोहोचवते, आणि मंडपात घूंऽऽ असा जो आवाज येत राहतो तो तिच्यावरचे अर्थ तोडण्याचे बटण दाबले की बहुधा थांबतो. बटण फक्त या डबीवरचे. घूं थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांच्या मंचावर चढू नये.

कारण हा प्रश्न आवाजाचा नसून जिवाचा आहे. बहुतेक विजेच्या गिटारींच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. मंडपातली वीज कुठून घेतलेली असते ते आपण सगळेच जाणतो: अर्धी आकड्याची, अर्धी जनरेटरची. माइकच्या जाळीत करंट उतरलेला असला आणि तुमचे बोट तारेवर असताना ओठ माइकला लागले, तर करंट ओठातून हातात जातो. पावसाळ्यात, गणपतीत, ओल्या लाकडी मंचावर तर विचारूच नका. माझा शिरस्ता असा: खिशात टेस्टर. मंचावर गेल्यावर आधी माइकची जाळी टेस्टरने बघायची, मग नमस्कार. दिवा लागला तर मंडपवाल्याला बोलवायचे आणि दुरुस्त होईपर्यंत वाद्य पोत्यातून बाहेर काढायचे नाही. मास्तर रागावतात, लोक "नखरे बघा" म्हणतात. म्हणू द्यावे. माइकवर फोमची टोपी आणि बोर्डात गळतीचा करंट तोडणारा स्विच, या दोन वस्तूंची मागणी ठरावाच्या वेळीच करावी.

जागेचाही विचार असतो. आमच्या दहा क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला लोक सुतार की झोपडी म्हणतात, कमानदार दगडी छताखाली कोणी नुसता 'ॐ' म्हटला तरी तो किती वेळ घुमत राहतो! ऐकायला छान, पण त्यात भराभर खालचे सूर वाजवले तर एकात एक मिसळून चिखल होईल. पत्र्याच्या मंगल कार्यालयांत हेच घडते, फक्त त्यात सौंदर्य नसते. तिथे सूर कमी करावेत, तोडून वाजवावेत, आपला स्पीकर कोपऱ्यात लावू नये. कोपऱ्यात खर्ज साचतो. आणि कीबोर्डवाल्याला गोडीत सांगावे की डावा हात वर ठेव. त्याचा डावा हात, ऑक्टापॅडचा ढोल आणि बेस तिघे एकाच खोलीत घुसले तर कोणालाच बसायला जागा राहत नाही.

आता डीजेवाल्यांबद्दल. एका ट्रॅक्टरवर भिंतीसारख्या पेट्या रचतात आणि तिला 'बेस' म्हणतात. छाती हलते, पत्रे हलतात, म्हातारी माणसे कानांवर हात ठेवून घरात जातात. तो खर्ज नव्हे. खर्ज म्हणजे गाण्याची बैठक; कैलास लेण्याच्या जोत्यावरचे हत्ती जसे सारे मंदिर पाठीवर घेऊन उभे आहेत तसा. हत्तींनी धावायला सुरुवात केली तर मंदिराचे काय होईल? हा माझा वादकाचा मत्सर आहे असे कोणी म्हणेल. असेलही थोडा, आमची बिदागी त्याच पेट्यांनी खाल्ली आहे. पण हिशेब बघा: ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तासांपर्यंत कानाला चालतो असे मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. वरात किती वेळ चालते? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी घातली, वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सूट देते. हे नियम शेजाऱ्यांच्या झोपेसाठी झाले. पेट्यांसमोर नाचणाऱ्या पोराच्या कानाची काळजी त्यालाच घ्यायची आहे. आणि वाजवणाऱ्याने तर घ्यायचीच. मी कानांत बोळे घालतो, कापसाचे नव्हे, औषधाच्या दुकानात मिळतात ते. पहिले दोन कार्यक्रम विचित्र वाटते. मग ढोलकीची थाप उलट अधिक स्पष्ट ऐकू येते.

पैशांचे बोलणे आधी करावे, मंचावरून उतरल्यावर नव्हे. गायकापेक्षा बेसवाल्याला कमी मिळते, ते मी मान्य केले आहे. पण लाइटवाल्यापेक्षा कमी घेऊ नये. येण्याजाण्याचे भाडे वेगळे सांगावे. रात्री दोनला कार्यक्रम संपल्यावर शहरातून वेरूळला एसटी नसते.

शेवटची सूचना टेंपोची. दौलताबादच्या वेशीतून आणि पुढच्या घाटातून तो जसा हेलकावे खातो, त्यात गिटारीची मान जाते ती धक्क्याने कमी आणि वर रचलेल्या ओझ्याने अधिक. मे महिन्यात बंद टेंपोत ती दुपारभर ठेवूही नये, लाकूड वाकते. गिटार सर्वांत शेवटी चढवावी, सर्वांत आधी उतरवावी, आणि जागा नसेल तर मांडीवर घ्यावी. आमचा ढोलकीवाला अंधारात कशावरही बसतो.