दुर्बीण आली म्हणून

नारायणगावहून खोडदकडे जाणाऱ्या एस.टी.त काही वर्षांपूर्वी दोन वाक्ये पाठोपाठ कानांवर पडली. खिडकीशी बसलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “इथं काही नव्हतं म्हणून दुर्बीण आली.” शेजारचा तरुण क्षणभर थांबून उत्तरला, “नाही आबा, दुर्बीण आली म्हणून इथं काही आलं नाही.” वाद पुढे वाढला नाही. गाडीने वळण घेतले, जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागल्या आणि बोलणे कांद्याच्या भावावर गेले. माझ्या डोक्यात मात्र ती वाक्ये घोळत राहिली. मराठीच्या शिक्षकाला जडलेली खोड म्हणा, पण त्यांतल्या दुर्बिणीपेक्षा मला त्यांतले ‘म्हणून’ अधिक छळू लागले.

खोडद हे जुन्नर तालुक्यातले, पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवरचे गाव. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून, १९९०च्या दशकात येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या. जागा निवडताना अनेक बाबी पाहिल्या गेल्या: मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे, पुण्यासारखे शहर आवाक्यात असणे, आणि अक्षांश असा असणे की आयनांबर बऱ्यापैकी शांत मिळावे आणि दक्षिणेकडचे आकाशही दिसावे. यातली पहिली बाब म्हणजेच आबांचे वाक्य. पण एकदा दुर्बीण उभी राहिली की तो गोंगाट पुढेही कमीच ठेवावा लागतो. ज्या लहरी ती ऐकते त्यांच्याच आसपास माणसांची प्रक्षेपणे आणि यंत्रांच्या ठिणग्या बोलत असतात. म्हणून परिसरातल्या उद्योगांवर बंधने येतात. हे त्या तरुणाचे वाक्य. दोन्ही वाक्ये खरी आहेत. कारण आणि परिणाम यांनी जागांची अदलाबदल केली आणि अव्यय मात्र तेच राहिले.

आता व्याकरणाकडे वळू. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’च्या (१९११) परंपरेतून शालेय पुस्तकांत आलेली उभयान्वयी अव्ययांची वर्गवारी आपण सर्वांनी पाठ केली आहे. प्रधानत्वबोधक आणि गौणत्वबोधक हे दोन मोठे गट. पहिल्यात समुच्चय, विकल्प, न्यूनत्व, परिणाम. दुसऱ्यात स्वरूप, कारण, उद्देश, संकेत. स्पर्धा परीक्षांच्या कृपेने ही यादी आजही जोमात आहे. तिच्यात ‘म्हणून’ तीन ठिकाणी भेटते: परिणामबोधकांत, उद्देशबोधकांत आणि स्वरूपबोधकांत. कारणबोधकांत मात्र ते नाही. तेथे ‘कारण’, ‘कारण की’, ‘का की’ ही मंडळी बसलेली असतात. विद्यार्थी विचारतात, “सर, एकच शब्द तीन खान्यांत कसा?” आपण सांगतो, वाक्य पाहून ठरवा. वाक्यात नेमके काय पाहायचे, हे सांगायचे आपण विसरतो.

ते पाहायचे असते क्रियापदात. खोडदच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नसून तारेच्या जाळीच्या आहेत. त्यावर तीन वाक्ये करता येतात. ‘वारा निघून जावा म्हणून जाळी लावली.’ ‘जाळी लावली म्हणून वारा निघून जातो.’ ‘जाळीची छिद्रे तरंगलांबीच्या मानाने फार लहान आहेत म्हणून रेडिओ लहरी तिच्यावरून परावर्तित होतात.’ पहिल्यात ‘जावा’ हा विध्यर्थ आहे, म्हणजे योजणाऱ्याच्या मनातली गोष्ट. दुसऱ्यात त्याच्या हातची करणी आहे आणि तिसऱ्यात निसर्गाचा नियम. मराठी हा भेद अव्ययाकडून करवून घेत नाही, आख्यातार्थाकडून करवून घेते. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाला आमची मुले सरसकट ‘कारण’ने सुरू होणारे उत्तर लिहितात, तेव्हा हेतू आणि नियम यांची गल्लत होते. ‘तबकडी जाळीची आहे कारण वारा निघून जातो’ असे लिहिणाऱ्या मुलाला आपण गुण देऊन टाकतो. त्याने हेतू सांगितला की गुणधर्म, हे आपणही विचारत नाही.

याच सुमारास मी पुण्यात स्पॅनिशचे वर्ग करत होतो; वयाच्या पंचेचाळिशीत, हौसेने. तेथे या विषयाला वेगळाच उजेड मिळाला. स्पॅनिशमध्ये ‘पोर्के’ म्हणजे आपले ‘कारण’, ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर त्यानेच देतात. पण कारण ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असेल, किंवा ठाऊक आहे असे धरून चालायचे असेल, तर ‘या के’ किंवा ‘पुएस्तो के’ वापरतात. कारण वाक्याच्या आरंभी पार्श्वभूमी म्हणून मांडायचे असेल तर ‘कोमो’. हे तिन्ही शब्द ‘का?’च्या उत्तरादाखल चालत नाहीत. सर्वांत मौजेची गोष्ट पुढे आहे. एखादे कारण नाकारायचे झाले, म्हणजे ‘मला हवे आहे म्हणून नव्हे’ असे म्हणायचे झाले, की ‘पोर्के’नंतरचे क्रियापद आपले रूप बदलून संभावनेचा अर्थ घेते. ज्या कारणाची ग्वाही बोलणारा देत नाही, त्याचे क्रियापदही ठामपणे उभे राहत नाही. आमच्या बाई हे नियम फळ्यावर लिहीत होत्या आणि मी वहीत मराठी वाक्ये लिहीत होतो.

‘या के’ला मराठीत काय म्हणावे? बोलीत पटकन सापडत नाही, पण सरकारी मराठीत आहे: ‘ज्या अर्थी… त्या अर्थी’. अधिसूचनांचा आरंभ पाहावा. ‘ज्या अर्थी अमुक जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी आवश्यक आहे…’ या वाक्याला ‘का?’ विचारता येत नाही. ते कारण देत नाही, कारण गृहीत धरते. शेवटी ‘सबब’ येते आणि आदेश निघतो. ज्याची जमीन जाते त्याला वाद घालायचा असतो तो नेमका ‘ज्या अर्थी’शी, आणि भाषेने ती जागा वादासाठी ठेवलेलीच नसते.

‘म्हणून’ची प्रकृती याच्या अगदी उलट आहे. ते उघडच ‘म्हणणे’ या धातूचे रूप आहे, ‘असे म्हणून’. ‘ज्ञानेश्वरी’तल्या ‘म्हणौनि’पासून ते आपल्या सोबत आहे. आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांकडे, कन्नड-तेलुगूतही, ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासून अशीच रूपे झाली आहेत आणि तीही दुसऱ्याचे बोलणे उद्धृत करायला व कारण सांगायला अशी दोन्हीकडे चालतात. मराठीत ‘म्हणून’ने आपले जुने काम पूर्णपणे सोडलेले नाही. ‘आजारी असल्यामुळे रजा घेतली’ आणि ‘आजारी आहे म्हणून रजा घेतली’ ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात आजार वस्तुस्थिती आहे. दुसऱ्यात तो खरा असू शकतो किंवा अर्जापुरता असू शकतो. ‘म्हणून’च्या मागे कोणीतरी म्हणणारा उभा असतो. एस.टी.तल्या दोघांनीही ‘म्हणून’ वापरले याचे मला म्हणूनच कौतुक वाटते. आबांनी आपले म्हणणे मांडले, तरुणाने आपले. एकाच घटनेला दोन साक्षीदार मिळाले.

येथे वर्गवारीविषयी माझा एक आक्षेप नोंदवतो. यादीप्रमाणे परिणामबोधक ‘म्हणून’ प्रधानत्वबोधक आहे, म्हणजे दोन बरोबरीच्या वाक्यांना जोडणारे. आणि ‘कारण’ गौणत्वबोधक, म्हणजे एका वाक्याला दुसऱ्याच्या आश्रयाला बसवणारे. भाषेचा व्यवहार मला याच्या उलट दिसतो. ‘पाऊस पडला म्हणूनच शाळा सुटली’ असे आपण म्हणतो. ‘शाळा सुटली कारणच पाऊस पडला’ असे कोणी म्हणत नाही. ‘पाऊस पडला म्हणून शाळा सुटली का?’ या प्रश्नात कारण प्रश्नाच्या पोटात शिरते. ‘शाळा सुटली का? कारण पाऊस पडतोय’ यात ते प्रश्नाबाहेर राहते आणि मी प्रश्न का विचारला एवढेच सांगते. ‘तो भित्रा आहे म्हणून गप्प बसला नाही’ या वाक्यातला नकार कारणालाही लागू शकतो: गप्प बसला खरा, पण भित्रेपणामुळे नव्हे. ‘तो गप्प बसला नाही, कारण तो भित्रा आहे’ यात ते शक्य नाही. ‘म्हणून’चे वाक्य मुख्य वाक्याच्या घरात राहते, ‘कारण’चे शेजारी वेगळी चूल मांडते. मग ‘कारण’ गौण कसे ठरले? इंग्रजीतला ‘बिकॉज’ गौण, म्हणून त्याचा मराठी प्रतिशब्दही गौण, असे झाले असावे हा माझा कयास. उभयान्वयी अव्यय हा वर्गच ज्या वळणावर घडला ते वळण पाहता हा कयास अगदीच अनाठायी नसावा. असो.

यादीत न मावणारी कारणेही मराठीत पुष्कळ आहेत, आणि ती शब्दयोगी अव्ययांत दडली आहेत. ‘मुळे’ हे मुळातून आले, ‘पायी’ पायातून, ‘पोटी’ पोटातून. झाड आणि देह यांच्या अवयवांनी आपण कारणे सांगतो. त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. ‘दारूमुळे यकृत बिघडते’ हे डॉक्टर सांगतात. ‘दारूपायी घर बुडालं’ हे घरातली बाई सांगते. ‘पायी’मध्ये नुकसान असते, आणि ज्याच्यासाठी ते झाले त्याच्या लायकीविषयीचा रागही. ‘पोटी’ला मनोविकारच लागतात: भीतीपोटी, आकसापोटी, मायेपोटी. ‘पावसापोटी शाळा सुटली’ असे होत नाही.

हे सारे निव्वळ व्याकरणाच्या तासापुरते असते तर मी लिहिले नसते. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेमार्गाची मूळ आखणी नारायणगाव परिसरातून होती. दुर्बिणीच्या निरीक्षणांत अडथळा येईल या कारणास्तव ती बदलावी लागत असल्याचे २०२४–२५च्या सुमारास रेल्वे मंत्रालयाकडून सांगितले गेले, आणि जुन्नर-आंबेगावात नाराजी पसरली. त्या काळात चहाच्या टपरीवर, बाजार समितीच्या आवारात, आमच्या शिक्षकखोलीत एकच गोष्ट चार तऱ्हांनी ऐकली. ‘दुर्बिणीमुळे मार्ग बदलला.’ ‘दुर्बीण आहे म्हणून मार्ग बदलला.’ ‘दुर्बिणीपायी रेल्वे गेली.’ आणि ‘दुर्बिणीचं नुसतं निमित्त.’ ही चार वाक्ये एकमेकांची भाषांतरे नव्हेत. पहिले बातमी आहे. दुसऱ्यात अधिकृत खुलासा ज्याचा त्याच्या पदरात घातला आहे. तिसऱ्यात तालुक्याचा हिशेब आहे: काय आले आणि त्याच्या बदल्यात काय गेले. चौथे तर दुर्बिणीला कारणपदावरूनच उतरवते. आपल्या न्यायशास्त्राने समवायी, असमवायी आणि निमित्त अशी कारणे वेगळी मानली. बोलीतल्या ‘निमित्त’ने त्यातून फक्त संशय तेवढा उचलला.

माझे मत दुर्बिणीच्या बाजूचे आहे, हे लपवत नाही. अशी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही आणि तिचे ऐकणे बिघडले तर ते भरून निघत नाही. पण तिसरे वाक्य बोलणाऱ्याला ‘तुम्हाला विज्ञान कळत नाही’ असे उत्तर देणारे आमचे काही सुशिक्षित मित्र ‘पायी’ला ‘मुळे’ समजत होते. तो माणूस लहरींचे भौतिकशास्त्र नाकारत नव्हता. किंमत कोणी मोजली एवढेच तो विचारत होता. त्याला ‘मुळे’चे उत्तर पुन्हा पुन्हा देऊन काय उपयोग?

म्हणून माझा आग्रह असा की कारणबोधकांची यादी पाठ करून घेणे थांबवावे. एकच घटना द्यावी आणि ती ‘मुळे’, ‘म्हणून’, ‘पायी’, ‘ज्या अर्थी’ यांनी सांगायला लावावी. मग प्रत्येक वेळी विचारावे: हे कोण बोलत आहे, आणि ऐकणाऱ्याने काय मान्य केले आहे असे तो धरून चालला आहे? गेल्या वर्षी मी वर्गात एस.टी.तली ती दोन वाक्ये दिली. धरणे आली म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून बिबट्या राहिला, ही साखळी मुलांनी आपणहून जोडली. जुन्नरच्या मुलांना ती शिकवावी लागत नाही. मग एकाने विचारले, “सर, धरणापायी बिबट्या, असं का नाही म्हणायचं?” तासभर चर्चा झाली आणि निकाल लागला नाही.

जाता जाता एक उणीव. या भागात, आणि मला वाटते महाराष्ट्रात इतरत्रही, बोलताना कारण सांगायला सर्वाधिक ऐकू येते ते ‘का, तर’: ‘आलो नाही. का, तर गाडीच नव्हती.’ स्वतःच प्रश्न विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचे. ‘का की’ मी गेल्या वीस वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही, तरी ते यादीत आहे; ‘का, तर’ मात्र मला कोठल्याही शालेय यादीत भेटलेले नाही. ‘म्हणून’ला लावलेल्या कसोट्या मी त्याला लावून पाहिल्या. नकार त्याला शिवत नाही, ‘च’ही लागत नाही, तेव्हा ते ‘कारण’च्या शेजारी बसावे असे दिसते. पण ते एक अव्यय मानायचे की दोन, त्यांतला स्वल्पविराम ठेवायचा की काढायचा, याचा उलगडा मला झालेला नाही. जाणकारांनी आपापल्या भागातली उदाहरणे कळवावीत.